कानभरणी

"मुलगी शहाणी झाली हं तुमची," औषधवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून तिच्यापुढे सरकवली. तिला आधी वाटलं, लेकीनं दुकानात काहीतरी समजूतदारपणा दाखवला असणार, कुणा म्हाताऱ्याला रांगेत पुढे जाऊ दिलं असेल किंवा पडलेली बाटली उचलून दिली असेल. लेकीचं कौतुक ऐकून कुठल्याही आईचं होतं तेच तिचं झालं. चेहरा खुलला आणि तोंड नाही-नाही म्हणू लागलं. "कसली शहाणी? घरी येऊन बघा एकदा." औषधवाल्या बाई हसल्या, इकडेतिकडे बघून जराशा वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तसं नाही हो. ते. पण किती व्यवस्थित विचारून घेते! कोणतं घेऊ, किती वेळानं बदलायचं, पोट दुखलं तर काय. आमच्या वेळी होती का हिंमत? दोनतीन महिने झाले ना आता? मी म्हटलं, आईला नाही का विचारत? तर म्हणाली, आई कामात असते." मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ती म्हणाली, "हो ना, झाले की दोनतीन महिने." अगदी सहज म्हणाली. पिशवीची चेन लावली, पायरी उतरली, आणि चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला यातलं काहीएक माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याचंसुद्धा आपण लपवलं.

शहाणी. काय पण शब्द शोधून काढलाय लोकांनी, असं तिच्या मनात आलं. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की ती शहाणी झाली. कुणी काही सांगितलेलं नसतं, तिला काही कळलेलं नसतं, आदल्या दिवशीपर्यंत जी दगडांनी चिंचा पाडत होती तीच ही, आणि सकाळी उठून एकदम शहाणी. ती स्वतः झाली तेव्हा आईनं शेजारणीला दारातून सांगितलं होतं, "आमची शहाणी झाली बरं का." तिनं ते ऐकलं आणि पोटात दुखत असतानाही तिला बरं वाटलं, कारण त्याआधी आई तिला फक्त दीडशहाणी म्हणायची. म्हणजे दीडावरून एकावर येणं ही बढती होती की घसरण, हे मात्र तिला समजेना. पुढच्या आठवड्यात शाळेत बाईंनी भर वर्गात विचारलं, "इतके दिवस कुठे होतीस गं?" आणि ती उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, मी शहाणी झाले." मागच्या बाकावरच्या मुली आधी गप्प झाल्या आणि मग ज्या फुटल्या म्हणता! बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं, काहीच न बोलता व्हरांड्यात उभं केलं आणि स्वतःच लाल होऊन परत आत गेल्या. तिला तेव्हाही कळलं नाही, की आपण चुकलो काय. अजूनही कधी भाजी निवडताना, कधी रस्ता ओलांडताना तो व्हरांडा आठवतो आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

कानांशीच तिचा रोजचा संबंध. कानाच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. ऐकू किती येतं ते तपासायचं, यंत्र बसवायचं, बसवलेलं दुरुस्त करायचं. गल्लीत तिला कानवाल्या बाई म्हणतात. तपासणीची खोली म्हणजे खोलीतली खोली, जाड दाराची, आतून भोकाभोकांच्या पत्र्यानं मढवलेली. आत माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. बीप ऐकू आलं की दाबा. ती काचेबाहेर बसून बीप बारीक बारीक करत नेते. माणसं मोठी गमतीची. ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटते म्हणून काहीजण आवाज नसतानाच बटण दाबत सुटतात. अशांना ती मुद्दाम बराच वेळ काहीच ऐकवत नाही. बिचारे शांततेला दाद देत बसतात. आज पहिलाच माणूस तसला निघाला. निवृत्त बसचालक, अंगानं धिप्पाड, आणि बटण असं दाबतोय जणू हॉर्नच. बाहेर येऊन म्हणाला, "ऐकू येतं हो मला. सगळं ऐकू येतं. फक्त कळत नाही." हे वाक्य तिनं आजवर शेकडो तोंडांतून ऐकलं असेल. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. त्यात नवल काही नाही, कानाच्या आतल्या नाजूक केसांचा दोष. पण आज ते वाक्य तिला लागलं. लेक घरात होती, बोलत होती, "आई, मी येते", "आई, भूक नाही", "आई, आज पोहायला नाही जात", आणि हे सगळं हिला ऐकू येत होतं. आज पोहायला नाही जात. उन्हाळाभर पाण्याबाहेर न निघणारी पोर मध्येच चारपाच दिवस नको म्हणते, आणि जिची कानाचीच विद्या आहे ती आई म्हणते, बरं.

सकाळी वाईट वाटलं होतं ते यासाठीच. पोरीला पाळी आली याचं वाईट कशाला वाटेल? ती परक्या बाईला विचारते आणि आपल्याला नाही, याचं. आज हे विचारलं नाही, उद्या आणखी काही असेल. कुणी त्रास दिला, कुणी आवडलं, कशाची भीती वाटली, तेही दुकानातल्या बाईला सांगेल, मैत्रिणीला सांगेल, मोबाइलला विचारेल, आणि आपण काचेबाहेर बसून राहू. पण यंत्रासाठी बसचालकाच्या कानाचा साचा घ्यायचा होता. तिनं दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवला, गुलाबी लगदा पिचकारीत भरून हळूहळू कानात सोडला. घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, जबडा हलवायचा नाही. माणूस एका कानानं पुरता बंद होऊन बसला होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि तिला आपली कानभरणी आठवली.

कानभरणी हा त्यांच्या घराण्यातला प्रकार. इतर लोक कान भरणं म्हणतात ते चुगलखोरीला. त्यांच्याकडे तो विधी होता, आणि दोन्हींत फारसा फरक नाही असं तिचे वडील मिश्किलपणे म्हणायचे, अर्थात बायका घरात नसताना. मुलगी शहाणी झाली की तिला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवायचं, नवे कपडे घालायचे, खिडकी लावून घ्यायची. घराण्यातल्या सगळ्या थोरल्या बायका वयाच्या क्रमानं एकेक करून यायच्या, तिच्या उजव्या कानाला तोंड लावून एक वाक्य कुजबुजायच्या आणि जिभेवर चिमूटभर साखर ठेवायच्या. वाक्य पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचं असावं अशी अपेक्षा. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. ती दोन दिवस त्या गोष्टीची वाट बघत होती. तिची खात्री होती, की आता ते सांगणार. शहाणं करणारं जे काय असतं ते, ज्यासाठी मोठ्या बायका बोलता बोलता आपल्याला बघून थांबतात ते. थोरली आजी आली. तोंडाला औषधी तेलाचा वास. म्हणाली, "पायरीवर बसायचं नाही." साखर. मोठी काकू म्हणाली, "मोठ्यानं हसायचं नाही." साखर. मामीनं सांगितलं, "मुलग्यांशी बोलताना नजर खाली." मावशीनं सांगितलं, "आईला त्रास देऊ नकोस." आईची पाळी आली तेव्हा आई बराच वेळ कानाशी नुसती श्वास घेत राहिली, मग तिनं फक्त फ्रॉकची कॉलर सारखी केली आणि साखर ठेवली. तोंड साखरेनं नुसतं चिकट झालं होतं आणि अजून ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग आत्या आली. आत्या हा तिचा शेवटचा भरवसा होता. आत्या टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला, घरात सगळ्यांत मोठा आवाज तिचा. कुजबुजणं तिला ठाऊकच नव्हतं. ती गुपित सांगायला लागली की आजोबा बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, "आम्ही ऐकत नाही आहोत, चालू दे." लग्न केलं नाही, सायकल चालवायची, आणि भाच्यांना तीच खरं काय ते सांगायची, मेलेला कुत्रा कुठे जातो ते आणि पगार म्हणजे काय तेसुद्धा. त्या दिवशी मात्र रीत म्हणून तीही वाकली, तिच्या केसांचा ओळखीचा साबणाचा वास आला, आणि कानात गरम फुंकर घालावी तसे शब्द आले. आता हे सगळ्यांपासून लपवायचं. साखर. आत्या एक क्षण तिच्या तोंडाकडे बघत राहिली, काहीतरी व्हायची वाट पाहत असल्यासारखी, आणि निघून गेली. बाकीच्यांचं तिनं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. त्यानंतर ती पायऱ्यांवर बसली, मोठ्यानं हसली, मुलग्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. आत्याचं वाक्य मात्र राहिलं. कारण आत्या खोटं सांगत नाही.

आणि लपवलं. पाळीचे कपडे इतर कपड्यांखाली वाळत घालून लपवले. आवडलेला मुलगा लपवला, नंतर त्याच्याशीच लग्न केलं तरी आवडला होता हे बरेच दिवस त्याच्यापासून लपवलं. पोटातलं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं ते दवाखान्यातच काय, सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नाही. चारचौघींसारखी हसत दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि लोकांच्या कानात बीप वाजवत बसली. घरात ते पॅकेट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून, कपाटाच्या माथ्यावर रिकाम्या डब्यांच्या मागे. लेक लहान असताना एकदा स्टुलावर चढून तिथवर पोचली होती. "हे काय आहे?" तर म्हणाली, "औषध आहे. हात लावू नकोस." आता ती म्हणतेय, लेकीनं मला का सांगितलं नाही. पेरलं तेच उगवणार, दुसरं काय.

सगळ्यात झोंबलं ते गेल्या आठवड्यातलं. शाळेत पालकांची सभा होती. मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, की सातवीपासून शरीराबद्दल, वयात येण्याबद्दल, संमती म्हणजे काय याबद्दल तास घ्यायचे आहेत, पालकांचं मत काय? मत म्हणजे काय, भडकाच उडाला. एक कडक इस्त्रीचे गृहस्थ उभे राहिले. "आम्हाला कुणी शिकवलं होतं? वय झालं की आपोआप कळतं." मागून एक बाई म्हणाली, "तुम्हाला काय कळलं ते तुमच्या मिसेसना विचारायला हवं," आणि सभा हसण्यात वाहून गेली. इस्त्रीवाले हसले नाहीत. "आज हे शिकवाल, उद्या मुलीला मुली आवडल्या तरी चालतं म्हणून शिकवाल. कुठे थांबणार?" दुसरा कुणी म्हणाला, मोबाइलवरून भलतंसलतं कळण्यापेक्षा शाळेत सरळ कळलेलं काय वाईट. एक आजोबा म्हणाले, पूर्वी घरोघरी रीतिभाती होत्या, थोरली माणसं वेळेवर सांगायची, तेच बरं होतं. तेव्हा तिला बोलायचं होतं, की काय सांगायची हो? पायरीवर बसू नको? पण ती उठली आणि भलतंच बोलली. म्हणाली, "शाळेनं शिकवायला माझी हरकत नाही. पण हे मुळात आईचं काम आहे. आमच्या घरी लपवाछपवी नाही. माझी मुलगी मला सगळं सांगते." दोघीतिघींनी मान डोलावली. इस्त्रीवाल्यांनी तर टाळी वाजवली. आणि तेव्हा लेक त्या दुकानातून निदान दोनदा तरी जाऊन आलेली होती. जमिनीनं दुभंगावं वगैरे म्हणतात. जमीन काही दुभंगत नाही. साचा घट्ट झाला होता, तिनं तो हलकेच फिरवून बसचालकाच्या कानातून काढला.

दुपारी आत्या आली. तिची वेळ आधीच ठरलेली होती, यंत्र शिट्टी मारतं ही तक्रार. आत्या आता घराण्यात सगळ्यांत थोरली. सायकल गेली, काठी आली, आवाज मात्र शाबूत, किंबहुना स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे दुप्पट. वेटिंगरूममधूनच तिचं सुरू झालं, "अगं, माझ्या कानात पोलीस बसलाय. सारखी शिट्टी!" तिनं तिला खुर्चीत बसवलं, यंत्र काढून घेतलं, नळी बघितली. नळी कडक होऊन चिरली होती, आवाज गळत होता. नवी नळी कापता कापता तिच्या मनात आलं, विचारावं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण कानभरणीतलं वाक्य परत उच्चारायचं नाही अशी रीत, आणि बाकी काही नाही तरी ही एवढी रीत तिनं पाळली होती. ती म्हणाली, "आत्या, माझ्या कानभरणीला तू मला काय म्हणाली होतीस?"

"आँ?"

यंत्र तर तिच्याच हातात होतं. ती जरा मोठ्यानं म्हणाली. आत्यानं कानामागे तळवा धरला. दार उघडं होतं, बाहेर पाचसहा माणसं बसलेली, डॉक्टरांकडचा मदतनीस दारात फायली लावत उभा. शेवटी ती ओरडली, "माझ्या! कानभरणीला! काय म्हणाली होतीस तू मला?" बाहेरची कुजबुज एकदम थांबली. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यापर्यंतही पोचलं असावं.

"मी होय!" आत्याचा चेहरा उजळला. "मी म्हटलं, आता हे सगळ्यांपासून लपवायचं?"

तो आवाज शेवटाला असा वर गेला, की दारातला मदतनीसही हसला.

"अगं, हसूच येत होतं मला," आत्या सांगत सुटली. "अख्खं खानदान गोळा केलेलं, गल्लीभर साखर वाटलेली, तुझा बाप ऑफिसात सुट्टीचं कारण काय सांगू म्हणून डोकं धरून बसलेला. आणि या बाया एकामागून एक तुझ्या कानाशी जाऊन काय सांगताहेत, तर गुपित! मी म्हटलं, सगळ्या जगाला बोलावलंत, आणि आता हे सगळ्यांपासून लपवायचं? तुला हसवायला म्हटलं मी. तू हसलीच नाहीस. मला वाटलं, दमली असेल पोर."

तिला माहीत होतं हे. तिनं कामावर लागल्या लागल्या शिकलेली गोष्ट. कुजबुजताना गळ्याचा सूर लागत नाही, नुसती हवा असते. शब्द कळतात, चढउतार कळत नाही. म्हणून कुजबुजलेला प्रश्न आणि कुजबुजलेला हुकूम कानाला जवळजवळ सारखाच. पेशंटांच्या नातेवाइकांना ती हे रोज समजावून सांगते, "कानात बोलू नका त्यांच्या, समोर बसून मोठ्यानं बोला." आणि एवढी वर्षं कानात एक प्रश्न घेऊन ती हुकूम म्हणून वागत आली. तिला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. आत्याला रडण्याचा आवाज ऐकू येत नव्हता, पण डोळे चांगले होते. "काय झालं गं?" तिनं यंत्र आत्याच्या कानात बसवलं, शिट्टी थांबली, आणि खाली स्टुलावर बसून तिनं सगळं सांगितलं. काय ऐकलं होतं ते, काय काय लपवलं ते, सकाळचं दुकान, लेक. गेलेलं मूलही सांगितलं. आत्यानं तिचा हात हातात घेतला, पण डोळे पूस असं काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सगळं माझ्याच माथी! बरं, समजा मी खरंच म्हटलं असतं, लपव. तर ऐकायचं कशाला? मी सांगितलेलं दुसरं काय ऐकलंयस कधी? सायकल शीक म्हणून घसा फोडला मी. शिकलीस?"

खरंच होतं. तिला तेच वाक्य ऐकू आलं, कारण बाकीच्या सगळ्यांनी तेच सांगून ठेवलं होतं, आणि लपवणं सोपंही होतं. लपवलं की कुणाला तोंड द्यावं लागत नाही. राग यायला हवा होता, पण आत काहीतरी सैल झालं, घट्ट झालेला साचा कानातून निघावा आणि सगळीकडचे आवाज एकदम आत यावेत तसं. रस्त्यावरची गाडी, पंखा, मदतनीसाची चप्पल. आत्या उठता उठता म्हणाली, "आणि तिची कानभरणी करायची की नाही, ते मला विचारू नका, मला फोनही करू नका. तिला विचारा. मी आपली साखर खायला येईन." जाताना वेटिंगरूममधल्या सगळ्यांकडे बघून तिनं मान हलवली. दोघाचौघांनी उत्तरादाखल हातही हलवला.

संध्याकाळी घरी आली तेव्हा लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर भूमितीची आकृती काढत बसली होती. खिडकीतून उजेड येत होता. तिनं हातपाय धुतले, समोर बसली, मटार सोलायला घेतले. दिवसभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वेळेला आठवेना. "औषधवाल्या बाई भेटल्या सकाळी," ती म्हणाली. कंपासचं टोक कागदावर थांबलं.

"मग?"

"म्हणाल्या, मुलगी शहाणी झाली."

"त्यांना काय करायचंय!" लेकीचे कान लाल झाले. तिच्यासारखेच, पाळीपासून.

"मला का नाही सांगितलंस?" हे रागानं म्हणायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. रागानं नाही निघालं. रडवेलं निघालं, ते अधिकच वाईट.

लेक खाली बघून कंपास उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना."

"मी? काय म्हणाले?"

"मावशीला. फोनवर. ही शहाणी झाली की संपलंच माझं."

तिला आठवलं. बहीण कानभरणीचा विषय काढत होती आणि ती वैतागून म्हणाली होती, की ही शहाणी झाली की संपलंच माझं, सगळं खानदान येऊन बसेल माझ्या उरावर. बोलायची पद्धत असते. घर आवरायचं म्हटलं तरी आपण म्हणतो, मेले मी. पोरीनं ते आतल्या खोलीतून ऐकलं, आणि अर्धंच ऐकलं.

"मला माहीत होतं, तू मरणार वगैरे नाहीस," लेक म्हणाली. "मी काय बाळ आहे? पण तुझं काहीतरी संपणार होतं. काय ते माहीत नव्हतं. म्हटलं, थोडे दिवस नको संपायला."

मटाराचे दाणे ताटलीतून टेबलावर, तिथून खाली गेले. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि लेकीला तिनं इतकं घट्ट धरलं, की लेक म्हणाली, "कंपास टोचतोय." विश्वास नव्हता म्हणून नव्हतं लपवलं. ही आपल्याला सांभाळत होती. एवढीशी पोर, पोटदुखी एकटीनं काढली, पोहणं सोडलं, आणि आईचं काहीतरी संपू नये म्हणून गप्प बसली. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड उतरला आणि त्याच्या जागी माया दाटून आली.

"एकटी नव्हते काही," लेक तिच्या खांद्यातून म्हणाली. "बाबांना माहीत होतं. पहिल्यांदा त्यांनीच आणून दिलं."

"बाबांना?"

"ते घरी होते म्हणून. ते म्हणाले, तुला वाटेल तेव्हा सांग आईला, पण फार उशीर करू नकोस, नाहीतर तिला औषधवाल्या बाईंकडून कळेल."

ती खुर्चीत बसली आणि हसत सुटली. मोठ्यानं, खिडकी उघडी ठेवून, शेजारचे डोकावतील इतकी. म्हणजे घरात बहिरी होती ती एकटीच. नवऱ्याशी यावर नीट भांडायला हवं होतं, आणि त्या भांडणाचीही तिला मजाच वाटली. मग तिनं लेकीला सांगितलं. व्हरांडा सांगितला, साखरेनं चिकट झालेलं तोंड सांगितलं, आत्याचं वाक्य आधी कुजबुजून आणि मग ओरडून करून दाखवलं. लेक पोट धरून हसली. "मला पण पाहिजे कानभरणी," म्हणाली, "पण मोठ्यानं. आणि पोहायला जायला चालतं ना मध्ये?" चालतं, ती म्हणाली, आणि कसं ते सगळं सांगितलं, शब्द न गिळता. एकदोनदा जीभ अडखळली, तेव्हा लेकीनंच शब्द पुरवला.

दोघी खाली बसून दाणे वेचत होत्या. लेक टेबलाखालून म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"माझ्या वर्गात एक जण आहे. ती म्हणते, तिला मुलगे तसे आवडतच नाहीत. मुलीच आवडतात. तिला भीती वाटते घरी सांगायची. ती म्हणाली, कुणाला सांगू नको, मग मी तिला विचारलं, आईला विचारलं तर चालेल का? तर ती म्हणाली, तुझ्या आईला चालेल. हे असं आत्ताच कळतं का गं? की मोठं झाल्यावर बदलतं?"

तिचा हात फरशीवर थांबला. कोण ही मैत्रीण? की मैत्रीणच नाही? इस्त्रीवाले गृहस्थ उभे राहिले, थोरली आजी वाकली, मामी वाकली, आणि तयार वाक्यं एकामागून एक रांग लावून तिच्या जिभेशी आली. असलं बोलू नये. तुझं वय काय. अभ्यास झाला का? त्यांच्या मागे शहाणी उत्तरंही होती, वाचलेली, ऐकलेली. पण त्यातलं कुठलंही तिला स्वतःला पुरतं ठाऊक नव्हतं. तिनं लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "मला माहीत नाही. काहींना लवकर कळत असेल. ती म्हणते तर तिचं खरं धरायचं. आणि नाही बदललं, तरी तिचं काही बिघडलेलं नाही, हे तिला सांग. आणि ती म्हणजे कुणीही असली तरी."

"मीच आहे असं वाटतंय ना तुला?" लेक हसली. "मी नाही. निदान आत्ता तरी. पण तुला खरंच माहीत नाही? बदलतं की नाही ते?"

"खरंच नाही. आपण दोघी शोधू या."

लेकीनं मूठभर दाणे ताटलीत टाकले आणि सुस्कारा सोडला. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला सगळं माहीत आहे आणि तू सांगत नाहीस."

लेक टेबलाखाली आणखी जरा जवळ सरकली आणि तिनं दुसरा प्रश्न विचारला. तो पहिल्यापेक्षा अवघड होता.